रिसीव्हर उत्तम, स्पीकर छान, पण सबवूफर मधेच झोपतो त्याचं काय?

होम थिएटरचा सबवूफर (खालचे खोल सूर वाजवणारा स्पीकर) सर्व्हिस सेंटरवरून परत आला आणि सोबत कागद, "कोणताही दोष आढळला नाही". वर तपासणीचे पैसे वेगळे लावलेत. डोकं फिरलंय म्हणून सविस्तर लिहितोय. ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) घ्यायचा विचार असेल त्यांनी वाचा, कारण रिव्ह्यू करणारे सगळे वॅट आणि अ‍ॅटमॉसवरच (डोक्यावरूनही आवाज आल्यासारखं वाटवणारा डॉल्बीचा प्रकार) अडकलेले असतात.

आधी रिसीव्हरचं, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्याचं उरकतो. सात चॅनलचा, ईएआरसीवाला (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरवरून रिसीव्हरकडे आणणाऱ्या एआरसीची नवी आवृत्ती), मधल्या रेंजमधला. निवडताना खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, कारण तो मोठा आकडा बऱ्याचदा एकच चॅनल चालू ठेवून, ६ ओहमवर, १ किलोहर्ट्झला मोजलेला असतो. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर दोन चॅनल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ अशी ओळ असते तिथे तोच आकडा बराच खाली आलेला दिसतो. आणि वॅट दुप्पट केले तरी मिळतात फक्त ३ डेसिबल. तेवढे तर ८७ ऐवजी ९० सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटवर किती डेसिबल वाजतो तो आकडा) स्पीकर घेतला की फुकटात मिळतात. म्हणून तिथे वाचवलेले पैसे सेंटर स्पीकरमध्ये घातले, कारण सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात आणि दर पाच मिनिटांनी रिमोट उचलून आवाज वरखाली करण्याचा मला भयंकर कंटाळा आहे. तो निर्णय वसूल झालाय. ईएआरसीसाठी मात्र फार जीव टाकू नका. टीव्हीतल्या अ‍ॅपवरचा अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो, तो साध्या एआरसीवरूनही जातो. टीव्हीला डिस्क प्लेयर जोडून ट्रूएचडी वगैरे डिस्कवरचे भारी ऑडिओ फॉरमॅट ऐकायचे असतील तरच त्याची गरज.

आता सबवूफर. मागे तीन जागांचा स्विच असतो ना, ऑन, ऑटो, ऑफ, त्यातला ऑटो. सिग्नल आला की जागा होणार, साधारण पंधरा-वीस मिनिटं काही आलं नाही की झोपणार. कागदावर झकास. प्रत्यक्षात रात्री सगळे झोपल्यावर आवाज बारीक करून सिनेमा लावला की पहिला अर्धा तास नुसते संवाद, तोवर हे महाशय गाढ झोपेत, मग गाडी उडते किंवा दार आपटतं तेव्हा काहीच नाही, आणि दोन सेकंदांनी धप्प करून जागे होतात, तोवर सीन संपलेला. दिवसा मोठ्या आवाजात लावलं की एकदम गुणी बाळ. सर्व्हिसवाल्याने अर्थातच मोठ्या आवाजात गाणं लावून बघितलं असणार, मग दोष कुठून आढळायचा?

फोनवर त्यांचं एकच उत्तर, स्विच ऑनवर ठेवा. का ठेवू? दिवसातले दोन तास वापरायची वस्तू चोवीस तास वीज खात बसणार, आणि बिल मी भरणार. युरोपियन युनियनने २०१३ पासून स्टँडबायमधला वीजवापर साधारण अर्ध्या वॅटवर आणायला लावला आणि वापर नसेल तर उपकरणाने आपोआप तिथे जावं असा नियम केला, तो काय गंमत म्हणून? ऑटो दिलंय तर ते चाललं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि खाली "हा सबवूफर घेऊ नका" असंही टाकणार होतो. ते आता मागे घेतोय, निदान अर्धं.

झालं असं की रिसीव्हरच्या मेनूत शिरून लेव्हल बघितल्या तर सबवूफरसमोर उणे १२ डेसिबल. म्हणजे अगदी तळ, त्याच्या खाली जाताच येत नाही. माइक लावून कॅलिब्रेशन केलं (रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचा आवाज मोजून आपोआप जुळवतो ते) तेव्हा सबवूफरचं मागचं व्हॉल्यूमचं बटण अर्ध्यावर होतं, क्विक स्टार्टच्या पानावर तसंच ठेवायला सांगितलंय. रिसीव्हरला तो फार मोठा वाटला म्हणून त्याने आपल्याकडून जाणारा सिग्नल शक्य तितका दाबला. त्यात रात्री रिसीव्हरवरचा व्हॉल्यूम उणे ४० च्या आसपास, आणि ४० डेसिबल म्हणजे व्होल्टेज शंभरपट कमी. वरून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला, म्हणजे त्याच्या खालचेच सूर सबवूफरकडे जातात, आणि पुरुषाचा आवाजसुद्धा बहुतेक त्याच्या वरच असतो, म्हणजे संवाद चालू असताना सबवूफरच्या वाट्याला जवळजवळ काहीच जात नाही. त्याला जागं व्हायला काही मिलिव्होल्ट लागतात, ते पोचतच नव्हते.

उपाय बिनपैशाचा. सबवूफरचं बटण बरंच खाली आणलं, कॅलिब्रेशन पुन्हा केलं, आता रिसीव्हर उणे ४ दाखवतो. खोलीतला आवाज तेवढाच, पण वायरमधून जाणारा सिग्नल ८ डेसिबल, म्हणजे अडीचपट तगडा. हा आकडा शून्याच्या वर, अधिकमध्ये नेऊ नका, मोठ्या धमाक्याला रिसीव्हरचं आउटपुट फाटायची भीती असते. तेव्हापासून रात्रीसुद्धा वेळेत उठतो, अगदीच कुजबुजत्या आवाजात ठेवलं तर अजून कधीतरी दगा देतो.

आणि उठल्यावर वाजतो मात्र सुंदर, हे मान्य करायला हवं. कोपऱ्यातून काढून पुढच्या भिंतीच्या साधारण मधोमध आणल्यापासून तो एकच सूर घुमायचा बंद झाला.

नवीन घेणाऱ्यांनी एक बघा, सबवूफरला १२ व्होल्ट ट्रिगर इनपुट आहे का. बऱ्याच रिसीव्हरना तसं आउटपुट असतं, बारीक वायर जोडली की रिसीव्हरबरोबर सबवूफर चालू आणि त्याच्याचबरोबर बंद, सिग्नल ओळखायची भानगडच नाही. माझ्या रिसीव्हरला ते आहे, सबवूफरला नाही. हे भोक पाडायला कंपनीला असा किती खर्च येतो कुणास ठाऊक, तेवढ्या पैशात चमकणारा लोगो मात्र लावलाय पुढे.

तपासणीचे पैसे अजून दिलेले नाहीत. कुठल्या व्हॉल्यूमला तपासलंत ते लिहून द्या असं मेलवर विचारलंय, उत्तर आलं की इथेच टाकतो.