चौदा चाकीचा लिफ्ट एक्सल: कापसाच्या हंगामापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

आमची चौदा चाकी जळगाव-धुळे-सुरत आणि धुळे-शिरपूर-इंदूर या दोन लाइनींवर चालते. मालासकट ४२ टनांची गाडी, पुढे दोन स्टिअरिंग एक्सल, मागे दोन एक्सलची जोडी, आणि जोडीच्या पुढे दोन टायरांचा लिफ्ट एक्सल, म्हणजे वजन कमी असताना बटणाने वर उचलून टायर अधांतरी ठेवता येणारा. कापसाचा हंगाम झाला, मका वाहिला, आता पाऊस सुरू आहे. नवी गाडी घेणारा जो भेटतो तो एकच विचारतो, "भाऊ, एक्सल उचलला की एव्हरेज किती वाढतं?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाच एक्सलपैकी गाडी ओढणारा, म्हणजे इंजिनाची ताकद पोचणारा, एकच. हौसिंग (गिअरची पेटी) आणि त्यातले क्राउन-पिनियन गिअर सगळं त्यालाच. बाकीचे चार वजन घेतात आणि फिरतात. डिझेलचा मोठा फायदा इथेच आहे. माझ्या मेहुण्याचा खडी-मुरमाचा टिप्पर आहे, त्याला मागे दोन हौसिंग. दुसऱ्या हौसिंगचे गिअर तेल घुसळत राहतात, मधला शाफ्ट फिरतो, लोखंडाचं वजन वाढतं ते वेगळंच. खाणीतून भरलेली गाडी वर काढायची तर ते हवंच, पण हायवेवर त्याची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या, ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचे मागचे दोन्ही एक्सल ओढणारे असतात. तिथे एकच ओढता ठेवला तर साधारण अडीच टक्के इंधन वाचतं, असं तिथल्या पाहणीत आढळलंय. आपल्याकडे माल वाहणाऱ्या अशा गाड्यांना ही बचत कंपनीतूनच मिळून येते. लिफ्टच्या बटणाने जे वाचेल ते याच्या वरचं, आणि ते थोडंच असतं.

कारण एक्सल उचलला तरी वजन कुठे जात नाही, ते बाकीच्या टायरांवर पडतं, आणि टायर फिरवायला लागणारा जोर मुख्यतः वजनावरच ठरतो. वाचतं ते दोन हबांच्या (चाकाच्या मधल्या भागांच्या) बेअरिंगचं आणि सीलचं घर्षण, ड्रमला हलके घासणारे ब्रेकचे लायनर, वळणावर फरफटणारे टायर. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलं तर रिकाम्या गाडीला लिटरमागे पाव किलोमीटरच्या आसपास फरक पडतो. सुरतेकडे जाताना वारं समोरून असलं तर तोही दिसत नाही. भरलेली गाडी साडेतीनच्या आसपास देते, तिथे एक्सल खालीच असतो, त्यामुळे फरकाचा प्रश्नच नाही. टायरांचं मात्र तसं नाही. मे महिन्यात भुसावळच्या बाजूला डांबर तापलेलं असताना रिकाम्या गाडीचे दोन टायर अधांतरी राहिले, तर तेवढी झीज वाचते, आणि हे वर्षाकाठी डिझेलपेक्षा जास्त जाणवतं.

सगळ्यात चांगला उपयोग कापसाच्या गाठींना झाला. गाठ १७० किलोची. शंभर गाठी भरल्या की माल १७ टन, गाडी स्वतः बारा टनांच्या घरात, एकूण झाले २९. लिफ्ट वर असताना पुढच्या दोन एक्सलना सात-सात आणि मागच्या जोडीला २१, म्हणजे ३५ टनांपर्यंत कायदेशीर. (जुलै २०१८च्या आधी जोडीची मर्यादा १९ टन होती.) गाठी सारख्या पसरून भरल्या, काट्यावर जोडीचं वजन वेगळं पाहून घेतलं, की सुरतेपर्यंत एक्सल वरच. आमचे ड्रायव्हर म्हणाले, "भाऊ, आते गाडी मोकळी पळी ऱ्हायनी."

पण एकूण ४२ टनांपर्यंत भरून एव्हरेजसाठी एक्सल उचलणारेही रस्त्यावर दिसतात, ते पाहून जीव घाबरतो. सात टन जादा वजन बाकीच्या एक्सलवर जातं आणि त्या दोन चाकांचे ब्रेकही कामातून जातात. तशी गाडी धुळे-सुरत रस्त्यावरच्या कोंडाईबारी घाटाच्या उतारावर सोडायची म्हणजे समोरच्याच्या जिवाशी खेळ आहे. माझ्या गाडीत हे चालणार नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलंय.

एकच एक्सल ओढणारा असण्याची अडचण पावसात कळते. कापसाच्या जिनिंगच्या आवारात काळी माती, त्यात आदल्या रात्रीचा पाऊस. रिकामी गाडी गेटातून आत घेतली, तर मागच्या जोड टायरांच्या मध्ये चिकण माती लाद्यासारखी बसली, नक्षी दिसेनाशी झाली आणि चाक जागीच फिरायला लागलं. लिफ्ट खाली होता. वर घेतला, त्याच्यावरचं वजन मागच्या जोडीवर आलं, दुसऱ्या गिअरला हळूच क्लच सोडला तशी गाडी कुरकुरत निघाली. चिखलात शिरायच्या आधीच एक्सल वर घ्यायचा हे आता ठरून गेलंय. गेटाच्या आखूड वळणावरही तेच, कारण आमचा लिफ्ट एक्सल वळत नाही, टायर आडवा घासतो.

देखभालीत कसूर केली तर वाचलेलं सगळं जातं. उन्हाळ्यात एका गॅरेजवाल्याने हबचं बेअरिंग फार आवळून ठेवलं होतं. दीडशे किलोमीटरवर ढाब्याला थांबलो तेव्हा हबला हात लावता येत नव्हता. तेव्हापासून प्रत्येक थांब्यावर हात लावून पाहतो. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा गरम लागला की बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय समजा. टायरची आतली कड आधी झिजत असेल तर अलाइनमेंट करून घ्या. एक्सल वर-खाली करणाऱ्या हवेच्या फुग्यात खडा अडकून गळती लागली तर कॉम्प्रेसर सारखा हवा भरत राहतो, त्यालाही डिझेल लागतं. धुताना फुग्याच्या घड्या उघडून पाणी मारायला सांगा.

टोल मात्र वाचत नाही. फास्टॅग गाडीच्या वर्गावर असतो, आमची गाडी चार ते सहा एक्सलच्या वर्गात, मग एक्सल वर असो की खाली, पैसे तेवढेच कापले जातात. भाड्याचा हिशेब मांडताना टोल पाच एक्सलचाच धरा.