काचेला चिकटलेली ठकी : एका प्रिंटसोबतचे पंधरा महिने

गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी केर काढताना सहज वर बघितलं, तर भिंतीवरच्या चित्रातल्या ठकीच्या, म्हणजे सावंतवाडीच्या लाकडी बाहुलीच्या, डाव्या गालावर रुपयाएवढा ओलसर गोल दिसला. फडक्याने काच पुसली. गोल तसाच. डाग बाहेरून नव्हताच, तेवढ्या जागेत कागद आतून काचेला चिकटला होता. ५,३५० रुपये मोजून घेतलेलं चित्र, भिंतीवर चढवून चार महिने झाले होते.

एका चित्रकर्तीने जुन्या खेळण्यांची चित्रमालिका केलीय, हे चित्र त्यातलं. मालिकेबद्दल बऱ्याच जणांनी लिहून झालंय, त्यामुळे मापं आणि किमतींची सगळी यादी परत देत नाही. माझी प्रिंट १२ बाय १८ इंची, ठकी आणि टिनच्या बोटीची. प्रिंटचे ३,२००, विक्रेत्याकडूनच फ्रेम करून घेतली त्याचे १,९००, कुरिअरचे २५०. चित्रकर्तीचं आणि विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. चित्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही आणि फ्रेमबद्दल जे सांगायचंय ते कुठल्याही दुकानाला लागू पडेल.

आधी चित्र का घेतलं ते सांगते. माझं माहेर सावंतवाडी. तिथल्या लाकडी खेळण्यांच्या चितार आळीतून बाबांनी आणलेली ठकी माझ्याकडे होती. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, हात अंगालाच जोडलेले, डोळे पार कानापर्यंत गेलेले. लग्नानंतर घर बदलताना ती कुठे हरवली कळलंच नाही. जुन्या खेळण्यांची चित्रं काढणारे जगात पुष्कळ आहेत. भाच्याने मला सॅन फ्रान्सिस्कोच्या एरिक जॉयनरची चित्रं दाखवली होती. तो जपानी टिनचे रोबो रंगवतो आणि त्यांच्या जगात मोठमोठे डोनट आणून ठेवतो. चित्रं सुंदर आहेत, पण त्या रोबोंशी मी कधी खेळले नाही. ठकीशी खेळले आहे.

या चित्रात ठकी जत्रेत मिळणाऱ्या फट्फट् बोटीची कप्तान आहे. मागे लाकडी वांगी, केळी आणि आंब्यांची परडी, शिडाच्या जागी पतंग, टपावर दाणे टिपणारी चावीची कोंबडी. आणि समुद्र आहे गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचा. गोल पत्ते एकावर एक सरकवून चित्रकर्तीने लाटा केल्यात. जवळ जाऊन पाहिलं की लाटेत मत्स्याच्या पत्त्यावरचा मासा आणि कूर्माच्या पत्त्यावरचं कासव सापडतं. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते असतात, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा. एका पावसाळी दुपारी मी चित्रातले पत्ते मोजायला बसले आणि ७४ वर थांबले. खालचे नुसते कडांवरून ओळखावे लागतात.

खरा जीव जडला तो बोटीच्या दोन नळ्यांवर. बोटीच्या मागच्या टोकाला पाण्याखाली दोन बारीक नळ्या तिने काढल्यात. ही बोट ज्याने परातीत सोडलीय त्यालाच हे सुचेल. आत पत्र्याची चपटी डबी असते, तिच्याखाली मेणबत्तीचा तुकडा किंवा तेलाची वात. डबीतल्या पाण्याची वाफ झाली की ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते आणि बोट पुढे जाते. वाफ थंड झाली की पाणी परत आत ओढलं जातं. डबीचा पातळ पत्रा आत-बाहेर होतो, तोच फट्फट् आवाज. नळ्या पाण्याच्या वर राहिल्या तर बोट जागची हलत नाही. या खेळण्याचं ब्रिटिश पेटंट थॉमस पिओ यांच्या नावावर १८९१ साली झालं, म्हणजे आपल्या जत्रांतली ही बोट केवढी लांबून आलीय बघा. चित्रकर्तीने नळ्या पाण्याखाली ठेवल्यात आणि मागच्या दोन पत्त्यांवर बारीक बुडबुडे काढलेत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ते बुडबुडे दाखवते.

आता एक चूक कबूल करायची आहे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे बिघडलं.

मे महिन्यात मला बोटीच्या नाकाशी तपकिरी ठिपके दिसले. कागदाला डाग पडायला लागले असं धरून मी विक्रेत्याला कडक शब्दांत लिहिलं आणि एक तारा दिला. दोन दिवसांनी त्यांनी मूळ चित्राचा मोठा फोटो पाठवला. ठिपके मूळ चित्रातच होते. तो गंज होता, तिने रंगवलेला. मग मी भिंग घेऊन बसले. टिनच्या खेळण्यांचे भाग सहसा सोल्डर करून जोडलेले नसतात. पत्र्याच्या छोट्या जिभा खाचेतून बाहेर काढून दुमडतात. पत्र्यावरचा छापील रंग त्या दुमडीवर फुटतो, कापलेली कड उघडी पडते आणि गंज तिथूनच सुरू होतो. चित्रात गंज नेमका त्या जिभांवर होता, बाकी बोट लख्ख. एवढं बघून काढणाऱ्या मुलीला मी एक तारा दिला होता. तो काढून पाच केले, माफीही मागितली. तेव्हा जे पाच दिले ते फ्रेमसकट दिले, ही माझी दुसरी चूक.

कारण ऑगस्टमध्ये खरा डाग पडला तेव्हा उत्तर आलं, “मॅडम, यापूर्वीही आपण डागाची तक्रार केली होती आणि तो चित्राचाच भाग निघाला होता.” लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट मी माझ्या मुलांना किती वेळा सांगितली असेल! मी आडव्या प्रकाशात फोटो काढले, काचेच्या बाजूने काढले, ओल्या गोलाशेजारी पट्टी धरून काढले. पंधरा दिवसांत नऊ मेल झाली. शेवटचं उत्तर असं, की फ्रेमची हमी सात दिवसांची आहे आणि दमट हवेने झालेलं नुकसान हमीत बसत नाही.

याचा मला अजून राग आहे. पार्सलावर रत्नागिरीचा पिन कोड त्यांनीच छापला होता. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओला असतो, मीठ बरणीत पाझरतं. कोकणात फ्रेम पाठवायची आणि दमट हवा आमच्या हिशेबात नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

तरी तोवर मी दोष प्रिंटलाच देत होते. शाई हलकी असेल, कागद स्वस्तातला असेल असंच वाटत होतं. हे मत बदललं ते बाजारपेठेतल्या फ्रेमवाल्या चाचांच्या दुकानात. त्यांनी फ्रेम पालथी केली, मागचा हार्डबोर्ड काढला, तर तो बोटाने दाबला जात होता इतका ओला. मग त्यांनी काचेची कड नखाने चाचपली.

“वैनी, यात माउंट कुठाय?”

नव्हताच. कागद थेट काचेला टेकवून मागून हार्डबोर्ड ठोकला होता. चाचा म्हणाले, “काच कागदाला टेकवायची नसते. कॅलेंडरला चालतं, ह्याला नाही.”

नवीन प्रिंट घेणाऱ्याने बाकी काही नाही वाचलं तरी हे वाचावं. काच आतल्या कागदाच्या आधी गार होते. फ्रेमच्या आत अडकलेल्या दमट हवेतलं पाणी काचेच्या आतल्या अंगाला धरतं. मध्ये जागा असेल तर ते तिथेच बारीक धुक्यासारखं राहतं आणि पुन्हा उडून जातं. जागा नसेल तर ते थेट कागदावर. प्रिंटच्या कागदावर शाई धरून ठेवण्यासाठी एक लेप असतो. तो ओला झाला की मऊ पडतो आणि वाळताना काचेला धरून बसतो. नंतर ओढलं की लेपासकट रंग निघतो. हे टाळायला लागतो तो माउंट, म्हणजे चित्राभोवती चौकट कापलेला जाड पुठ्ठा. नेहमीचा चार पदरी माउंट बोर्ड जेमतेम दीड मिलिमीटर जाड असतो. त्या दीड मिलिमीटरवाचून माझी ठकी गेली. माउंट नको असेल, चित्र कडेपर्यंत दिसायला हवं असेल, तर काचेच्या कडेला आतून बारीक पट्ट्या लावून घ्याव्यात. काम तेच होतं. ऑर्डर करताना मी लाकडाचा रंग विचारला, काचेचा प्रकार विचारला, हुक कुठला ते विचारलं. माउंट आहे का, हे विचारलं नाही. आता कुणाच्याही घरी गेले की फ्रेमकडे तिरकं बघून चित्राची सावली काचेपासून सुटी आहे का ते तपासते. आमचे हे वैतागतात, पण मागच्या महिन्यात नणंदेच्या लग्नाचा फोटो त्यामुळेच वेळेवर सोडवला गेला.

चाचांनी काच उचलायचा प्रयत्न केला. मी नको म्हणायच्या आत गालाचा तुकडा काचेबरोबर गेला. डावा डोळा अर्धा राहिला. त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

त्या रात्री मी चित्रकर्तीलाच लिहिलं. पैसे मागायला नाही, झालं ते कळवायला. तिने लगेच फोन केला. “काकू, उरलेलं ओढू नका, तसंच राहू द्या.” मग सावकाश सगळं सांगितलं. मूळ चित्र जलरंग आणि ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, यांतलं. प्रिंट पिगमेंट शाईची, सुती कागदावरची. या शाईत रंगाचे घन कण असतात, त्यामुळे ती विरघळलेल्या रंगाच्या साध्या डाय शाईपेक्षा उजेडात कितीतरी जास्त टिकते. सुती कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातला कागद पिवळा करणारा घटक, नसतं, म्हणून तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत नाही. मी ज्या दोन गोष्टींना दोष देत होते त्याच चांगल्या निघाल्या. फ्रेम विक्रेता बाहेरून करून घेतो, तिला ती दिसतही नाही. तिने दुसरी प्रिंट नळकांड्यात घालून निम्म्या किमतीला, १,६०० रुपयांत पाठवली. कुरिअरचे वेगळे घेतले नाहीत. फुकट द्यायला निघाली होती, मीच नको म्हटलं. सात दिवसांची हमी तिने लिहिलेली नव्हती.

बोलता बोलता मी तिला विचारलं, ठकी इतकी नेमकी कशी जमली? म्हणाली, तिच्याकडे एक जुनी ठकी आहे, नाक झिजलेली, आणि तिने झिजलेलं नाक तसंच काढलं. ते मी बघितलं होतं. नाकाच्या शेंड्यावर रंग नाही, आतलं लाकूड दिसतं. लहान मुलं ठकीला नाकावरच आपटतात, माझीही तिथेच झिजली होती.

नवीन फ्रेम चाचांनीच केली. आम्लविरहित माउंट, मागे हार्डबोर्डऐवजी त्याच जातीचा बोर्ड, कडांना कागदी पट्टी म्हणजे कसर आत शिरू नये, आणि मागच्या दोन खालच्या कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या, म्हणजे फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागून हवा खेळते. सगळे मिळून १,१५०. जागाही बदलली. आधी चित्र पश्चिमेच्या भिंतीवर होतं. तिच्यावर पावसाचा मारा बसतो आणि जांभ्याची भिंत पाणी पिते. आता मधल्या खोलीच्या आतल्या भिंतीवर आहे.

माझा एकूण खर्च ८,१०० रुपये झाला. नुसती प्रिंट मागवून इथेच फ्रेम केली असती तर ४,६०० मध्ये भागलं असतं. ३,५०० रुपये वाया गेले, आणि आमच्या घरात ते छोटे नाहीत. विक्रेत्याचे तारे आता दोन. चित्राला वेगळे द्यायची सोय असती तर पाच दिले असते.

आईला दिवाळीत आणलं तेव्हा तिने दोन्ही चित्रं बघितली. जुनी मी फेकलेली नाही, गाल गेलेली, आणि ती काचही कपाटात उभी ठेवलीय. आई काच उजेडाकडे धरून बराच वेळ बसली. मग म्हणाली, “गंजिफावर लाख मारतत, म्हणान त्येंका पानी लागना नाय गो. हेका कोणी लाख मारूक नाय.” चिंचोक्याची खळ, वर रंग, वर लाख, हे तिने चितार आळीत लहानपणापासून बघितलेलं. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी राजवाड्यात हे काम पुन्हा उभं केलं, तेव्हा ती तिथे जाऊन पत्ते रंगवणाऱ्यांच्या मागे उभी राहायची.

आज जुलैची १७ तारीख. बारा दिवस पाऊस एकसारखा लागलाय. रोज रात्री दिवे मालवायच्या आधी मी टॉर्च आडवा धरून काच बघते. शनिवारी खालच्या कोपऱ्यात बोटभर धुकं धरलं होतं. पंखा लावला, दुपारपर्यंत ते गेलं. कागद सुटा आहे, नाकाच्या शेंड्यावरचं लाकूड स्वच्छ दिसतंय, आणि नळ्यांमागचे बुडबुडे दोन्ही पत्त्यांवर जागच्या जागी आहेत.