आठ महिने एफएसएल वापरल्यावर: गुणांच्या कॉलमने केलेली फजिती

जूनपासून रत्नागिरीत घरच्या पीसीवर एफएसएल, म्हणजे मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर, वापरतोय. ऑक्सफर्डचं आहे, धंद्यासाठी वापरायचं नसेल तर फुकट. ओपनन्यूरो या साइटवरून एफएमआरआयचा (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनचा) खुला डेटा उतरवला: स्मरणशक्तीची चाचणी, तरुण आणि वयस्क असे दोन गट. वयस्कांची उत्तरं जास्त चुकतात. मग मेंदूत दिसणारा फरक वयाचा की चुकांचा?

एकेका माणसाचं मॉडेल बांधताना एफएसएलमधलं फीट हे टूल छान साथ देतं. चुकलेल्या प्रश्नांना वेगळा ईव्ही (मॉडेलमधला कॉलम) द्यायचा, म्हणजे बरोबर उत्तरांच्या सिग्नलमध्ये भेसळ होत नाही. एकही चूक न करणारा पठ्ठ्या भेटला की त्या ईव्हीचा आकार 'एम्प्टी' ठेवायचा; हे सापडायला माझी अख्खी संध्याकाळ गेली. गटाचा हिशेब करणाऱ्या फ्लेम या एफएसएलच्या भागावर मी खूश आहे. ज्याची बरोबर उत्तरंच मोजकी, त्याचा अंदाज डळमळीत, आणि गटाचा हिशेब करताना फ्लेम त्याला वजनही कमी देतं.

फजिती झाली ती गटाच्या मॉडेलमध्ये. आधी फक्त तरुण घेतले आणि प्रत्येकाचे गुण, म्हणजे अचूकतेची टक्केवारी, जशीच्या तशी कॉलममध्ये भरली. गटाच्या मेंदूतल्या सरासरी सिग्नलचा नकाशा जवळजवळ कोरा! दोन दिवस स्कॅनना शिव्या घातल्या. चूक माझीच. प्रत्येकाच्या गुणांतून गटाची सरासरी वजा न केल्यामुळे मी विचारत होतो, शून्य टक्के गुण मिळवणाऱ्याचा मेंदू कसा दिसेल? एसपीएम हे असंच दुसरं सॉफ्टवेअर ही वजाबाकी आपणहून करतं, फीटमध्ये आपल्यालाच करावी लागते.

रँडमाईजबद्दल (डेटा पुन्हा पुन्हा उलटसुलट करून निकाल तपासणारं एफएसएलचं टूल) थोडक्यात: ५००० फेऱ्या रात्री लावल्या, पावसात लाईट गेली, सकाळी पुन्हा श्रीगणेशा. तेव्हापासून आधी ५०० लावून बघतो.

सगळ्यात जपून राहायचं ते दोन गटांची तुलना करताना. गटांचे गुणच वेगळे असतील तर गुणांचा कॉलम घालून फरक 'काढून टाकला' असं म्हणता येत नाही. वयाचा परिणामही त्याच्याबरोबर वाहून जाऊ शकतो. मिरकरवाड्यात, आमच्या मासेमारी बंदरात, उभं राहून 'होडीनं ट्रॉलरएवढं जाळं टाकलं असतं तर किती मासळी मिळाली असती' असं विचारण्यासारखंच ते. तेवढं जाळं टाकलेली होडी बंदरात कुणी पाहिलेलीच नसते. सॉफ्टवेअर मात्र निमूट आकडा देतं, साधी वॉर्निंगही नाही.

म्हणून मी आता नकाशे तीन काढतो: कॉलमशिवाय, कॉलमसह, आणि दोन्ही गटांतले सारख्या गुणांचे लोक घेऊन. तिसऱ्यात माणसं कमी उरतात, पण मी आधी उघडतो तोच.