अंतर नव्हे, हात मोजणारे घड्याळ

माझा दिवस पावत्या तपासण्यात जातो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब पाहतो, आणि जीएसटी क्रमांक नसलेले बिल माझ्या टेबलावरून पुढे सरकत नाही. तरीही गेल्या दसऱ्याला मी १३,५०० रुपये मोजून धावण्यासाठीचे जीपीएस घड्याळ कच्च्या पावतीवर घेतले आणि पुरता फसलो. हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु सकाळी आमच्याबरोबर धावणाऱ्यांपैकी आणखी दोघांची त्याच माणसाशी बोलणी चालू असल्याचे कळले, तेव्हा गप्प बसणे बरे वाटले नाही.

रक्तातील साखर काठावर आल्यापासून मी विजापूर रस्त्यावरील संभाजी तलावाच्या परिसरात चालू लागलो. चालण्याचे हळूहळू धावणे झाले आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर ९७.५ मीटर, पळून पाहण्याची हौस मनात शिरली. मोबाईल हातात धरून पळणे गैरसोयीचे होते, म्हणून घड्याळाचा शोध सुरू झाला. गार्मिन, कोरोस, पोलार या कंपन्यांच्या घड्याळांची माहिती मी दोन महिने वाचत होतो. एवढे कळले होते की काही घड्याळांच्या आत उपग्रहांचे जीपीएस संकेत टिपणारा स्वतःचा भाग असतो, तर स्वस्तातली काही घड्याळे खिशातल्या मोबाईलचा जीपीएस उसना घेतात आणि मोबाईल घरी ठेवला की केवळ हाताच्या हालचालीवरून पावले मोजून अंतराचा अंदाज बांधतात. हा दुसरा प्रकार काही लबाडीचा नव्हे. तसे स्पष्ट सांगून विकला तर त्यात गैर काही नाही. मला मात्र पहिल्या प्रकारचे घड्याळ हवे होते आणि तशा मनाजोगत्या घड्याळाची किंमत तीस हजारांच्या घरात जात होती. म्हणजे अज्ञानामुळे मी फसलो असे म्हणण्याचीही सोय नाही.

ओळखीतल्या एकाने त्या माणसाचा नंबर दिला. ‘दुबईहून माल येतो, निम्म्या किमतीत देतो,’ एवढीच त्याची शिफारस. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सात रस्त्याजवळच्या एका चहाच्या टपरीवर तो भेटला. त्याच्या स्वतःच्या मनगटावर मला हवे होते तेच घड्याळ होते. त्याने ते काढून माझ्या हाती दिले, चौकात थोडे चालायला लावले आणि परत आल्यावर मोबाईलवर माझ्या वाटेची रेघ नकाशावर उमटलेली दाखवली. मी टपरीच्या मागून वळसा घालून आलो होतो, तो वळसासुद्धा त्या रेघेत होता. माझे समाधान तिथेच झाले. मग त्याने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले सीलबंद खोके काढले. मी ते उघडू लागलो तसा तो अगदी अदबीने म्हणाला, “सर, सील तुटलं की वॉरंटी जाते बघा. घरी जाऊन पूजा करून उघडा. सात दिवसांत काहीही वाटलं तर बदलून देतो.”

सगळा डाव या एका वाक्यात होता, आणि मला ते वाक्य सौजन्याचे वाटले. मी तपासले ते त्याचे घड्याळ आणि पैसे दिले ते न पाहिलेल्या घड्याळाचे. यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर कोणा बाईचे नाव आले. ‘मिसेसचं खातं आहे’ असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. पावती म्हणून वहीतल्या कागदावर ‘१ नग घड्याळ’ असे लिहून सही केली. त्या सहीचे एकही अक्षर आजतागायत मला लागलेले नाही.

दसऱ्याला पाटावर आपट्याची पाने ठेवून खोके उघडले. घड्याळ दिसायला हुबेहूब होते, कंपनीचे नावही ठसठशीत कोरलेले होते. पाच बटणांपैकी डाव्या बाजूचे खालचे बटण दाबले जात होते, पण त्याने काहीच घडत नव्हते. ती नुसती शोभा होती. कंपनीच्या अधिकृत ॲपला हे घड्याळ सापडेना. खोक्यावरच्या क्यूआर कोडने भलतेच ॲप उतरवले आणि त्या ॲपने संपर्कयादी व संदेश वाचण्याची परवानगी मागितली. मी विक्रेत्याला फोन केला. “दुबई व्हर्जन आहे ना सर, त्याला ॲप वेगळं येतं.” मी परवानगी देऊन टाकली.

सर्वांत मोठी खूण तर पहिल्याच सकाळी माझ्यासमोर होती. खरे जीपीएस घड्याळ धावणे सुरू करण्यापूर्वी उपग्रह शोधते. स्वतःचे ठिकाण काढायला त्याला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात आणि ते उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यामुळे मोकळ्या आकाशाखालीही ते काही सेकंद थांबवते आणि नव्या ठिकाणी पहिल्यांदा वापरताना त्याहून अधिक वेळ घेते. माझे घड्याळ एकदाही थांबले नाही. घराच्या जिन्यात, छताखाली बटण दाबले तरी लगेच पळायला तयार. मी त्याला वेगवान समजत होतो! शिवाय जीपीएस सतत चालू ठेवूनही बॅटरी पंधरा दिवस टिकेल असे खोक्यावर छापलेले होते. नामांकित कंपन्या यासाठी दोन वेगळे आकडे देतात: नुसता वेळ पाहण्यासाठी किती दिवस आणि जीपीएस चालू असताना किती तास. त्या दोन आकड्यांतील तफावत बरीच मोठी असते. हे मी वाचलेले होते आणि तरी खोक्यावरचा आकडा पाहून खूश झालो होतो.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागरी आली. त्या रात्री सोलापुरातून हजारो माणसे पायी तुळजापूरला जातात. मीही दरवर्षी रूपाभवानीच्या देवळापासून निघतो. सोलापूर–तुळजापूर अंतर सुमारे ४५ किलोमीटर, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. माझ्या घड्याळाने ५३ दाखवले. आमच्या शेजारच्या अण्णांना मी तो आकडा कौतुकाने दाखवला, तर ते पाय चोळत म्हणाले, “माझ्या आईच्या वेळेपासून पंचेचाळीसच आहे बाबा. तुळजापूर काय सरकलं व्हय?” रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगडही अण्णांच्याच बाजूने होते. मी मात्र रस्ता रुंद करताना दगड चुकीच्या जागी लावले असतील, असा युक्तिवाद केला. साडेतेरा हजार दिल्यावर माणूस दगडांनाही खोटे ठरवतो.

बिंग फोडले ते पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी. त्यांना १६०० मीटर धावायचे असतात आणि एकेका सेकंदावर गुण अवलंबून असतात, म्हणून आमच्या भागातील मैदानावर त्यांनी टेप लावून, चुना टाकून ४०० मीटरची फेरी आखलेली आहे. एका रविवारी मी तिथे साडेबारा फेऱ्या मारल्या. पाच किलोमीटर व्हायला हवे होते, घड्याळाने ५.९ दाखवले. वेळ लागली होती ३५ मिनिटे. म्हणजे माझी खरी गती किलोमीटरला सात मिनिटे होती आणि घड्याळ मला सहा मिनिटांच्याही आत पळवत होते. मी ‘तुमची फेरी लहान आहे’ असे म्हणताच त्यातला एक उंच मुलगा चिडला नाही. त्याने घड्याळ मागून घेतले, मनगटावर बांधले आणि जागेवर उभा राहून नुसता हात हलवू लागला. पडद्यावरचे मीटर भराभर वाढले. “अबे, हे तर उभ्या उभ्या पळतंय बे,” तो मित्राला म्हणाला आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, आता तुम्ही हात मागे बांधून एक फेरी चाला.” म्हातारी माणसे चालतात तसा, हात पाठीमागे बांधून, मी पूर्ण फेरी चाललो. चारशे मीटरपैकी घड्याळाने तीस मीटर नोंदवले. कोणी हसले नाही, याचे मला जास्त वाईट वाटले.

घरी येऊन खोके नीट पाहिले. आयात करून भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद वस्तूवर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. यातले त्यावर काहीही नव्हते. स्मार्ट घड्याळांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे आणि तिचा आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर कोणालाही पडताळता येतो. तो क्रमांकही नव्हता. खोक्यावरचा अनुक्रमांक आणि घड्याळाच्या पाठीवरचा अनुक्रमांक जुळत नव्हते. कंपनीच्या ग्राहक सेवेला दोन्ही कळवले, तेव्हा उत्तर आले की पहिला क्रमांक त्यांच्याकडे नाहीच आणि दुसरा वेगळ्याच प्रकारच्या घड्याळाचा आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्या नावाने बाहेरचा माल खपवला जातो म्हणून आम्ही कारखान्यात रोज हळहळतो. ग्राहकाने लेबल वाचायला नको का, असे मीच कित्येकदा म्हटलेले आहे.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा सात दिवस उलटून गेले होते. पहिल्या दिवशी त्याने ‘गावाला आहे’ असे सांगितले, दुसऱ्या दिवशी ‘सील तुमच्याकडूनच तुटलं’ असे सांगितले, आणि तिसऱ्या दिवसापासून फोन लागत नाही. बँकेचे म्हणणे असे की पिन मीच टाकला होता, त्यामुळे व्यवहार माझ्या संमतीचा ठरतो. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवले असते तर पुढच्या खात्यात ते अडवण्याची शक्यता होती, मी दोन आठवड्यांनी कळवले. ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावरून समजले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. पण दाद मागायची कोणाविरुद्ध? माझ्याकडे एक बंद नंबर, एका बाईचे नाव आणि न लागणारी सही आहे. पक्के बिल असते तर त्यावर पत्ता असता. पोलीस ठाण्यात फसवणुकीचा अर्ज दिला असून त्याची पोच माझ्याकडे आहे.

त्या दोघांना मी एवढेच सांगितले आहे की सीलबंद खोक्याचा मोह धरू नका. जे घड्याळ घरी न्यायचे आहे तेच विक्रेत्यासमोर उघडा, कंपनीच्या अधिकृत ॲपला जोडा, मोबाईल त्याच्याकडे ठेवून बाहेर जा आणि हात पाठीमागे बांधून चार-पाचशे पावले चालून या. ती वाट नकाशावर उमटली, तरच पैशांचे बोला. यावर तो सील आणि वॉरंटी यांची गोष्ट काढू लागला, तर चहा पिऊन उठा. एकाने ऐकले. दुसऱ्याने अजून काही कळवलेले नाही.

पुरावा म्हणून घड्याळ, खोके, प्लॅस्टिक आणि ती पावती जपून ठेवा, असे ठाण्यातल्या हवालदारांनी सांगितले आहे. त्याप्रमाणे सर्व काही माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि घड्याळ मी अधूनमधून चार्ज करतो. धावताना आता पुन्हा चुन्याच्या फेऱ्या मोजतो. खण जरा जोराने ओढला की घड्याळाचा पडदा उजळतो आणि त्यावर सात-आठ पावले वाढलेली असतात.