गुलमर्ग की औली? स्कीला जायचं तर आधी बर्फाचा फोरकास्ट वाचा

डिसेंबर लागला की स्की शिकायला कुठे जायचं ही चर्चा सुरू होते आणि उत्तरं पण ठरलेली असतात, गुलमर्गला विमानाने पटकन पोचता येतं पण खर्च जास्त, उत्तराखंडातलं औली स्वस्त पण गाडीचा प्रवास लांब. हे दोन्ही खरंय, पण मला वाटतं बजेटच्या आधी बर्फाचं बघायला हवं, कारण मुंबई-पुण्यातून एवढं लांब जाऊन समोर तपकिरी गवत दिसलं तर स्वस्त ट्रिप पण महागच पडली म्हणायची.

उंचीपासून बघू. गुलमर्ग गाव साधारण २६५० मीटरवर आहे. तिथून गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे ३१०० मीटरच्या आसपास नेतो, आणि दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत. औलीचे स्लोप साधारण २५०० ते ३०५० मीटरमध्ये येतात. म्हणजे औली जिथे संपतं साधारण तिथेच गुलमर्गचा दुसरा टप्पा सुरू होतो. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तर अफरवट आणि औलीचा माथा यांच्यात नुसत्या उंचीमुळे पाच-सहा अंशांचा फरक पडतो, आणि बर्फ टिकणार की वितळणार हे बऱ्याचदा एवढ्याशा फरकावरच ठरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बर्फ येतो कुठून. हिवाळ्यात हिमालयातला बर्फ पश्चिमी झंझावात आणतात, ते भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि काश्मीरची पीर पंजाल रांग त्यांच्या वाटेत आधी लागते. उत्तराखंडपर्यंत चांगला बर्फ पोचायचा तर तो झंझावात जोरदार हवा आणि थोडा दक्षिणेकडून सरकायला हवा. त्यामुळे एकाच आठवड्यात गुलमर्गला फूट-दीड फूट पडलाय आणि औलीत नुसतं ढगाळ आहे असं सहज होतं. उलटं फार कमी वेळा होतं.

इथपर्यंत वाचून गुलमर्गच बुक करावं असं वाटेल, पण थांबा, शिकणाऱ्यांसाठी यात एक मोठी मेख आहे. अफरवटवर दोन-तीन मीटर बर्फ साचलाय अशी बातमी आली तरी नवशिक्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण तो उतार अनुभवी लोकांचा आहे आणि तुम्ही शिकणार खाली गावाजवळच्या, गोल्फ कोर्सच्या बाजूच्या हलक्या उतारांवर. म्हणजे तुमच्या कामाचा आकडा २६५० मीटरचा, आणि तिथे गुलमर्ग पण दगा देऊ शकतं. जानेवारी २०२४ मध्ये महिना संपत आला तरी गुलमर्ग कोरडं होतं, ते फोटो सगळ्यांनी बघितलेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फ कमी म्हणून पुढे ढकलावा लागला आणि शेवटी मार्चमध्ये झाला.

मग फरक काय राहिला? फरक हा की गुलमर्गला प्लॅन बी आहे. खाली बर्फ पातळ असला आणि तुम्हाला थोडंफार वळता-थांबता येत असेल तर कोंगडोरीच्या उंचीवर काहीतरी मिळू शकतं. औलीत वर सरकायला जागाच नाही. तिथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रणा बसवली होती हे खरं, पण तिच्या भरवशावर तिकीट काढू नका, कृत्रिम बर्फाला पण शून्याखालची थंडी लागतेच आणि ज्या वर्षी बर्फ पडत नाही त्या वर्षी बऱ्याचदा थंडी पण कच्चीच असते.

तरीपण औलीत बर्फ चांगला पडला असेल तर पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी औलीच सांगेन, आणि हे मनापासून सांगतेय. उतार रुंद आणि एकसारखा आहे, बाजूला देवदार-ओकचं जंगल, समोर नंदादेवी, आणि गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स तिथेच चालतात. गुलमर्गच्या खालच्या उतारांवर सीझनमध्ये स्लेजवाले, फोटो काढणारे, दिवसभरासाठी श्रीनगरहून आलेले टुरिस्ट अशी सगळी गर्दी असते, आणि ज्याला अजून ब्रेक लावता येत नाही त्याला त्या गर्दीतून खाली यायचं म्हणजे धडकीच भरते. अर्थात गुलमर्गला पण केंद्र सरकारची स्कीइंग आणि माउंटेनिअरिंगची संस्था १९६८ पासून आहे, तिथे जागा मिळाली तर शिकणं शिस्तीत होतं.

आता फोरकास्ट कसा वाचायचा ते बघू, कारण बहुतेक जण फक्त बर्फाच्या ढगाचं चित्र बघतात आणि खुश होतात. चांगल्या साइट बेस, मिड, टॉप असे वेगवेगळ्या उंचीचे आकडे देतात, त्यातला आपल्या उंचीचा बघायचा. मग फ्रीझिंग लेव्हल, म्हणजे किती मीटरवर तापमान शून्य आहे ते. बर्फ साधारण त्या रेषेच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ म्हणूनच पडतो, त्याखाली पाऊस. समजा दोन्हीकडे २० मिलिमीटरचा अंदाज आहे आणि फ्रीझिंग लेव्हल २८०० मीटर. एक मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने एक सेंटिमीटर बर्फ होतो, म्हणजे अफरवटवर २० सेंटिमीटर किंवा थंडी जास्त असेल तर त्याहून जास्त, कोरडा आणि हलका. गुलमर्ग गावात ओला जड बर्फ, कदाचित १० सेंटिमीटर. औलीच्या माथ्यावर बऱ्यापैकी, आणि अगदी खालच्या टोकाला काठावरचं प्रकरण, थोडी ऊब वाढली की तिथे पाऊसच, आणि पाऊस पडला की आधीचा बर्फ पण खराब होतो. तीच फ्रीझिंग लेव्हल १८०० असेल तर मात्र दोन्ही ठिकाणी वरपासून खालपर्यंत मजा. पाच दिवसांपलीकडचा सेंटिमीटरचा आकडा कोणत्याही ॲपचा असो, त्यावरून फक्त झंझावात येतोय की नाही एवढंच समजायचं. हवामान अंदाजाची दोन मॉडेल ताडून बघा, युरोपियन आणि अमेरिकन, दोघं एकच बोलत असतील तर भरवसा वाढतो.

वारा बघायला लोक विसरतात. गुलमर्गचा दुसरा टप्पा जोराच्या वाऱ्यात बंद राहतो, आणि मोठा बर्फ पडून गेला की हिमस्खलनाचा धोका तपासल्याशिवाय उघडत नाहीत. म्हणजे भरपूर बर्फाचा फोरकास्ट असलेला दिवस हा स्कीचा दिवस नसतो, त्या दिवशी श्रीनगरची विमानं रद्द होऊ शकतात आणि टंगमर्गहून वर यायला चाकांना साखळ्या लागतात. एक-दोन दिवस हातात जास्तीचे ठेवाच. औलीला खालच्या जोशीमठहून नेणारा रोपवे तिथली जमीन खचली तेव्हापासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून बंद आहे, त्यामुळे ऋषिकेशहून जवळजवळ अख्खा दिवस गाडीत आणि वर जोशीमठहून परत रस्त्यानेच. निघायच्या आधी त्या शेवटच्या रस्त्याची चौकशी फोन करून करा. आल्प्समध्ये कुठली लिफ्ट चालू, खाली किती बर्फ, वर किती, हे रोज सकाळी जाहीर होतं, स्वित्झर्लंडमध्ये तर दावोसची संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचं बुलेटिन दिवसातून दोनदा काढते. आपल्याकडे डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा असतो पण उताराउताराचा बर्फाचा रिपोर्ट असा मिळत नाही, त्यामुळे इन्स्ट्रक्टरला किंवा हॉटेलवाल्याला आजचा व्हिडिओ पाठवा म्हणणं हाच खात्रीचा मार्ग, आणि व्हिडिओ उताराचा मागा, हॉटेलच्या गच्चीवरचा नको.

त्या व्हिडिओत बर्फ किती यापेक्षा कसा आहे ते बघा. बरेच दिवस नवीन पडलेला नसेल तर दुपारी उन्हाने वरचा थर वितळतो आणि रात्री गोठतो, सकाळी त्यावर स्की खरखर वाजतात आणि कड धरतच नाही, नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. खरं तर अशा दिवशी अकरानंतर उतरावं, थर जरा मऊ होतो. दोन-तीनच्या पुढे खालच्या उंचीवर बर्फ इतका ओला होतो की स्की अडकून गुडघ्यावर ताण येतो. मार्चमध्ये दोन्हीकडे हे रोजचंच, फक्त गुलमर्गला वर गारवा टिकतो.

तारखांचं म्हणाल तर नाताळच्या सुट्टीचा मोह टाळा. काश्मिरातली कडक थंडी, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होऊन चाळीस दिवस चालते, म्हणजे नाताळात बर्फाचा थर बसायला नुकती कुठे सुरुवात झालेली असते. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा दोन्हीकडचा सगळ्यात भरवशाचा काळ. महाराष्ट्रात १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी असते, तिला जोडून रजा टाकता येते. दहावी-बारावीचं कोणी घरात असेल तर ते वर्ष सोडूनच द्या.

ज्यांना स्की येते आणि पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, हवीय त्यांना औलीचा विचारच करायला नको, सरळ गुलमर्ग. फक्त एक गोष्ट हात जोडून सांगते. गंडोलाखालच्या मुख्य उतारापलीकडे गेलात की तो मोकळा डोंगर आहे, तिथे हिमस्खलनाचं नियंत्रण नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मरण पावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन, आणि ही लोकं काही पहिल्यांदा बर्फ बघणारी नव्हती. लोकल गाइड, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा सिग्नल देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं यातलं एक जरी नसेल तर मुख्य उतारावरच राहा.

आणि शिकणारे हो, औलीचं बुकिंग तारीख बदलता येईल अशाच ठिकाणी करा, निघायच्या चार दिवस आधी आपल्या उंचीचा फोरकास्ट आणि आजचा व्हिडिओ दोन्ही बघा, उतारावर निदान फूटभर बर्फ दिसत नसेल तर पुढच्या झंझावातापर्यंत थांबा.