पाच हजारांची पुंजी आणि पोकर शिकायचा आहे: फुकट चिप्स, घरचं टेबल, गोवा की परदेशी साइट?

माझा मावसभाऊ कळव्याला राहतो आणि ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये नोकरीला आहे. पहिल्या काही पगारांतून त्याने पाच हजार रुपये बाजूला काढले आणि मला विचारलं, "दादा, पोकर शिकायचाय. एवढ्यात कुठून सुरुवात करू?" त्याच्यासाठी मी जी तुलना केली तीच इथे मांडतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत हाच प्रश्न घेऊन बसलेले बरेच जण मला भेटतात.

आधी कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद या कायद्यापुरता संपला, कारण दोन्ही बंदीत येतात. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्याला. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. भारतातल्या मोठ्या पोकर ॲप्सनी पैशांची टेबलं तेव्हाच बंद केली. त्यामुळे "कुठल्या ॲपवर पाच हजार भरू?" याचं उत्तर एका शब्दात देता येतं: कुठल्याही नाही.

मग पुंजी सांभाळणं शिकायचं कशावर? माझं ठाम मत असं की त्यासाठी रुपये लागतच नाहीत. पुंजी रुपयांत मोजायची नसते, बाय-इनमध्ये, म्हणजे टेबलावर बसताना घ्यायच्या रकमेत, मोजायची असते. रोख टेबलावर पूर्ण बाय-इन म्हणजे १०० बिग ब्लाइंड (ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधीच लावायची सक्तीची पैज, एक छोटी आणि एक मोठी). १/२ च्या टेबलावर, म्हणजे छोटा ब्लाइंड १ आणि मोठा २, तो २०० चा होतो. ५,००० ची पुंजी म्हणजे असे २५ बाय-इन, आणि नवशिक्याला २० ते ३० हवेतच. हेच ५,००० घेऊन ५/१० च्या टेबलावर बसलात तर हातात फक्त पाच बाय-इन उरतात. २०२४ साली, पैशांची ॲप्स सुरू असताना, मी तर तीनच बाय-इन घेऊन तिथे बसलो होतो. ३,००० रुपये नऊ दिवसांत गेले. मी वाईट खेळलो हे खरंच, पण चांगला खेळलो असतो तरी तेवढ्या पुंजीवर टिकणं अवघडच होतं.

कारण या खेळातले चढउतार भयंकर असतात. दोन एक्के हातात आणि समोर दोन राजे, एवढी चांगली परिस्थिती असूनही शंभरातून साधारण १८ वेळा तुम्ही हरता. शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगलाच म्हणायचा. शंभर डावांतला चढउतार ९० बिग ब्लाइंडच्या आसपास धरून हिशेब केला, तर तोही दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या जवळ येते. इतके डाव खेळूनही आपण चांगले की वाईट हे पक्कं कळत नाही. हा आकडा मी मावसभावाला दोनदा करून दाखवला. तो पटल्याशिवाय पुढचं काहीच पटत नाही.

आता चार वाटा. फुकट चिप्सच्या ॲपचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे डावांची संख्या. एका टेबलावर तासाला ६०-७० डाव होतात, म्हणजे दहा हजार डाव दीडशे तासांत. ठाणे ते ऐरोली रोजच्या येण्याजाण्यातही त्यातले बरेच होतील. दोष सगळ्यांना माहीत आहे: चिप्स फुकटच्या असल्याने लोक कुठल्याही पत्त्यांवर ऑल-इन करतात, म्हणजे सगळ्या चिप्स लावून मोकळे होतात. इथे ब्लफ शिकता येत नाही, कारण समोरचा फोल्डच करत नाही, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडतच नाही. पण पुंजीची शिस्त शिकता येते, एका अटीवर. ॲप कितीही चिप्स देवो, तुमची पुंजी तुम्ही वहीत ठरवायची. ५,००० लिहा. बाय-इन २०० चा. रोज तारीख, किती वेळ बसलो, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, आणि मोठा पॉट (डावात जमलेल्या चिप्स) हरलो तर का, हे एका ओळीत. एका दिवसात तीन बाय-इन गेले की ॲप बंद. पुंजी ३,००० वर आली की ब्लाइंड अर्धे करायचे. १०,००० झाल्याशिवाय २/४ वर जायचं नाही, कारण तिथे बाय-इन ४०० चा असतो आणि पुन्हा २५ लागतात. ॲपने फुकट चिप्स पुन्हा भरून दिल्या तरी वहीत त्या धरायच्या नाहीत.

खाली उतरण्याचा नियम पाळणं सर्वांत जड जातं. वर जायला कुणालाही आवडतं, पण १/२ वरून अर्ध्या ब्लाइंडवर उतरताना माणसाला वाटतं आपण हरलो. फुकट चिप्सवरही ते वाटतं, हे मी स्वतः अनुभवलंय आणि मावसभावाच्या चेहऱ्यावरही पाहिलंय. म्हणून ही सवय इथेच लावून घ्यावी, जिथे तिची किंमत शून्य आहे.

घरच्या टेबलाचं नेमकं उलट आहे. आम्ही सहा जण नौपाड्यात एका मित्राकडे शनिवारी बसतो. पत्ते हाताने पिसायचे, मधे चहा, मधे गप्पा. तासाला वीस-पंचवीस डाव झाले तर खूप. चार तासांत शंभर. दहा हजार डावांना शंभर शनिवार लागतील, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. पुंजीचं गणित इथे सिद्ध होणं शक्यच नाही. पण माणूस इथेच कळतो. समोरचा कॉल करताना (आपल्याइतकीच पैज लावताना) का थांबला, रेझ केल्यावर (पैज वाढवल्यावर) त्याचा हात चिप्सकडे कसा गेला, हरल्यावर पुढचे तीन डाव तो कसे खेळला, हे ॲपवर दिसत नाही. स्वतःचा टिल्ट, म्हणजे हरल्यावर डोकं फिरून वेडंवाकडं खेळणं, तोही इथेच लवकर उघडा पडतो, कारण मित्र तोंडावर सांगतात. आमच्याकडे रोख पैसे नसतात. महिनाभराचा चिप्सचा हिशेब एका वहीत राहतो आणि सर्वांत मागे असलेला बाकीच्यांना मामलेदारची मिसळ खाऊ घालतो. घरात पैशांचं टेबल लावून यजमानाने कट काढायला सुरुवात केली, तर १८८७ च्या जुन्या जुगारबंदी कायद्याखाली तो जुगाराचा अड्डा ठरू शकतो. तसं कुणी बोलावलं तर जाऊ नका.

गोव्यात पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत आणि तिथे पोकर कायदेशीर आहे. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने दिवसभराचा प्रवास. पण हिशेब पाहा. बिग ब्लाइंड १०० रुपयांचा धरला तर पूर्ण बाय-इन १०,००० चा, आणि २० बाय-इनची पुंजी दोन लाखांची. तुमचे पाच हजार म्हणजे अर्धा बाय-इन, त्यातून प्रवास आणि राहणं वेगळं. आयुष्यात एकदा पाहायला जरूर जा. सहलीचा खर्च म्हणून पाच हजार गेले तर हरकत नाही, पण त्याला पुंजी म्हणू नका.

चौथी वाट, परदेशी साइट. टेलिग्रामवर कुणीतरी लिंक देतं, पैसे कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर पाठवायला सांगतं. ही वाट मी तुलनेतच धरत नाही. पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही, आणि ज्या खात्यांतून असे पैसे फिरतात त्यांच्या चौकशीत तुमचं पगाराचं खातंही गोठू शकतं. पाच हजारांसाठी महिन्याचा पगार अडकवणं मला मान्य नाही.

रोख टेबल की टुर्नामेंट, हा प्रश्न फुकट चिप्सवरही येतो. टुर्नामेंटची मजा मोठी, पण बक्षीस साधारण १५ टक्के खेळाडूंनाच मिळतं आणि त्यातलाही मोठा वाटा पहिल्या दोन-तिघांकडे जातो. सरासरी खेळाडूला सलग दहा टुर्नामेंटमध्ये काहीच न मिळण्याची शक्यता पाचात एक आहे. म्हणून तिथे किमान शंभर प्रवेशांची पुंजी लागते. ५,००० वाल्याने ५० च्या वरची टुर्नामेंट घेऊ नये. पहिले सहा महिने रोख टेबल, असं मी सुचवेन. तिथे ब्लाइंड वाढत नाहीत, हवं तेव्हा उठता येतं, आणि वहीतली नोंद स्वच्छ राहते.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला मनापासून सांगायची आहे. फुकट चिप्स खेळतानाही झोप जात असेल, हरलेलं भरून काढायला उधारी सुचत असेल, तर वही, बाय-इन, सगळं बाजूला ठेवा आणि टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फुकट आहे. पुंजीचा कुठलाही नियम त्या अवस्थेत उपयोगी पडत नाही.

मावसभावाने रोज ॲप आणि पंधरवड्यातून एकदा आमचं शनिवारचं टेबल असं ठरवलं. पाच हजार त्याने बँकेत मुदत ठेवीला लावले. गेल्या आठवड्यात त्याची वही पाहिली: सहा आठवडे, एकदा ३,००० खाली जाऊन ब्लाइंड अर्धे केलेले, आता पुंजी ४,३८०. त्या उतरण्याच्या दिवशी त्याने लिहिलंय, "राणी-राणी, समोर एक्का-राजा, टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत एक्का. नीट खेळलो. उद्या खालच्या टेबलावर."