नॅक्सॉसच्या धक्क्यावर गेलेले 200 युरो

ग्रीसमधील नॅक्सॉस बेटावरून सँटोरिनीला जाताना आमचे 200 युरो फसवून घेतले गेले. ज्या माणसाने ते घेतले तो शेवटपर्यंत नम्रपणे बोलत होता, त्याने दिलेली तिकिटे खरी होती आणि आम्ही ठरलेल्या दिवशीच सँटोरिनीला पोहोचलो. त्यामुळेच आपण फसलो आहोत हे आम्हाला जहाजात बसेपर्यंत कळले नाही. त्या बेटांवर जाण्याचा बेत आखणाऱ्यांना हा प्रकार आधीच ठाऊक असावा, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

ऑगस्ट महिना होता. मी, माझे पती आणि सासू-सासरे अशा चौघांची सकाळच्या वेगवान बोटीची तिकिटे आम्ही पुण्यातूनच ऑनलाइन काढून ठेवली होती. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा कोरडा उत्तरेचा वारा सुटतो. पावसाळा आला की गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद होतात, हे आपल्याला माहीत असते. पण निरभ्र आकाश आणि लख्ख ऊन असतानाही बोटी बंद राहू शकतात, हे मनाला चटकन पटत नाही. त्या दिवशी पोर्ताराकडे, म्हणजे अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या मंदिराच्या संगमरवरी दाराकडे जाणाऱ्या बांधावर लाटा अशा आदळत होत्या की पाणी पलीकडच्या बाजूला उडत होते. अशा वाऱ्यात तिथले तटरक्षक दल जहाजांना बंदर सोडण्यास मनाई करते. या मनाईला तिथले लोक ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. हलक्या, वेगवान बोटी आधी थांबवल्या जातात. गाड्या वाहून नेणारी मोठी, संथ जहाजे पुष्कळदा त्याच वाऱ्यात चालू असतात.

बोट रद्द झाल्याचा संदेश सकाळी फोनवर आला. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, ऊन चढत होते, सँटोरिनीच्या हॉटेलचे पैसे आधीच भरलेले होते. धक्क्यासमोरच्या रस्त्यावर तिकीट एजन्सीची दुकाने ओळीने आहेत. त्यांपैकी एका दुकानावर आमच्याच बोट कंपनीचा फलक दिसला, म्हणून आम्ही आत शिरलो.

गल्ल्यावरच्या माणसाने आमचे ऐकून घेतले आणि सांगितले, की हवामानामुळे फेरी रद्द झाली तर कंपनी भरपाई देत नाही, तसा युरोपचा कायदाच आहे; मात्र दुपारच्या मोठ्या जहाजात चार जागा शिल्लक आहेत, त्या लगेच घ्याव्या लागतील. जुन्या तिकिटांची ‘नोंद बंद करण्यासाठी’ त्याने माझ्या फोनवरचा आरक्षण क्रमांक मागितला आणि तो संगणकात भरला. चार तिकिटे छापून निघाली. माणशी 45 युरो आणि त्यावर 5 युरो सेवाशुल्क, असे 200 युरो त्याने सांगितले. माझ्या पतींनी कार्ड पुढे केले तेव्हा मशीन बंद असल्याचे उत्तर मिळाले. आम्ही रोख पैसे दिले. पावती मागितल्यावर त्याने एका चिठ्ठीवर निळ्या पेनाने आकडा लिहून दिला.

सँटोरिनीपर्यंतचा प्रवास सुमारे दोन तासांचा होता. वाटेत सहज म्हणून मी तिकिटे पाहू लागले, तर त्यांवरचा आरक्षण क्रमांक ओळखीचा वाटला. ईमेल उघडून पडताळला. तो आमचा पुण्यातून काढलेल्या तिकिटांचाच क्रमांक होता. भाड्याच्या रकान्यात 0,00 असे छापलेले होते. ग्रीसमध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात, त्यामुळे प्रथम मला तो कसला तरी संकेतांक वाटला. मग अर्थ लक्षात आला. त्याने आमची जुनीच तिकिटे एकही पैसा न लागता दुपारच्या जहाजावर बदलून दिली होती आणि नवी तिकिटे म्हणून आम्हालाच विकली होती.

त्याने कायद्याचे नाव घेऊन सांगितलेले वाक्य अर्धे खरे होते. युरोपीय संघाचा 1177/2010 हा सागरी प्रवाशांच्या हक्कांचा नियम आहे. खराब हवामानामुळे फेरी रद्द झाली, तर त्या नियमानुसार कंपनीला उशिराची नुकसानभरपाई किंवा हॉटेलचा खर्च द्यावा लागत नाही, हे बरोबर आहे. परंतु तिकिटाचे पैसे 7 दिवसांत परत घेणे किंवा जादा पैसे न भरता पुढच्या शक्य त्या जहाजाने जाणे, यांपैकी एकाची निवड करण्याचा प्रवाशाचा हक्क हवामानामुळे जात नाही. फेरी सुटायला 90 मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तरी हाच हक्क मिळतो. भरपाई आणि परतावा हे दोन वेगळे शब्द त्या माणसाने एकच असल्यासारखे वापरले आणि त्या घाईत आम्हालाही त्यांतला फरक सुचला नाही.

दुसरी चूक पावतीची झाली. अधिकृत पावती मिळाली नाही, तर ग्राहकावर पैसे देण्याचे बंधन नाही, अशी सूचना ग्रीसमधील दुकानांत ग्रीकबरोबर इंग्रजीतही लावलेली असते. त्या दुकानातही ती होती. आम्ही तिच्याखालीच उभे राहून नोटा मोजल्या. एवढी एकच ओळ बोटाने दाखवली असती, तर त्याला एक तर पावती छापावी लागली असती, नाही तर पैसे सोडून द्यावे लागले असते.

अशी तक्रार प्रवासानंतर दोन महिन्यांच्या आत बोट कंपनीकडे करावी लागते आणि कंपनीला एका महिन्यात तिची दखल घेऊन कळवावे लागते. पुण्याला परतल्यावर आम्ही तिकिटांची आणि चिठ्ठीची छायाचित्रे जोडून तक्रार पाठवली. तिकिटे नियमाप्रमाणे विनाशुल्क बदलून दिली असून कंपनीने जादा रक्कम घेतलेली नाही, असे उत्तर आले आणि एजन्सीशी बोलण्यास सांगण्यात आले. एजन्सीने दोन ओळींत कळवले, की त्या दिवशी आमच्या नावावर एकही युरो जमा झालेला नाही. चिठ्ठीवर दुकानाचे नाव नाही, शिक्का नाही, कर क्रमांक नाही; फक्त ‘4 x 50 = 200’ एवढेच आहे.